सहा तारा, पाच मात्रा

निक ड्रेक या इंग्लिश गायक-गिटारवादकाच्या पहिल्या अल्बमचा, ‘फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट’चा, विषय निघाला की मला त्यातल्या कुठल्याही गाण्याआधी एक नकार आठवतो. १९६८ सालची गोष्ट. विशीतला, चारचौघांत तोंड न उघडणारा एक मुलगा, केंब्रिजच्या फिट्झविल्यम कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकणारा. लंडनच्या चेल्सी भागातल्या स्टुडिओत त्याच्या गाण्यांसाठी व्हायोलिन-चेलोवाले बोलावलेले आहेत. संयोजन रिचर्ड ह्यूसनचं, म्हणजे त्याच वर्षी जेम्स टेलरच्या पहिल्या अल्बमचं काम केलेल्या, बाजारात नाव असलेल्या माणसाचं. तिथे वादक तीन तासांच्या सत्रावर येत आणि वाजवलेलं पसंत पडो न पडो, पैसे मोजावेच लागत. निर्माता जो बॉइड आणि ध्वनिमुद्रक जॉन वुड या दोघांनाही ऐकताना काहीतरी खटकत होतं. पण पुढचा रस्ता दाखवला तो या अबोल मुलानं. हे माझ्या गाण्यांचं नाही, केंब्रिजमध्ये माझा एक मित्र आहे, त्याला हे जमेल, असं त्यानं सांगितलं. मित्राचं नाव रॉबर्ट कर्बी. संगीताचा विद्यार्थी. व्यावसायिक रेकॉर्डसाठी त्यानं तोवर एक सूरही लिहिलेला नव्हता.

हा नकार मनातून जात नाही, कारण निक ड्रेकची जी ओळख आज सगळीकडे पसरली आहे तिच्यात तो कुठे बसत नाही. हळवा, उदास, सव्विसाव्या वर्षी नैराश्यावरच्या गोळ्यांचा जास्त डोस जाऊन गेलेला, हयातीत कुणी न ऐकलेला कवी-गायक. यातलं काहीही खोटं नाही. पण ‘फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट’ या अल्बमपुरतं बोलायचं तर तो एका अत्यंत हट्टी, आपल्याला काय हवं हे पक्कं ठाऊक असलेल्या कारागिराचा अल्बम आहे. त्याच्याकडे झालेल्या दुर्लक्षाची कहाणी त्याच्या मृत्यूपासून उलटी वाचण्याची सवय लागल्यामुळे हे काम कसं झालं, काय आणि का अडलं, याकडे फारसं कुणी पाहत नाही.

ह्यूसनचं संयोजन नेमकं काय होतं ते आज ऐकता येतं. १९८७ मध्ये निघालेल्या ‘टाइम ऑफ नो रिप्लाय’ या संग्रहात ‘आय वॉज मेड टू लव्ह मॅजिक’ हे गाणं त्याच्या संयोजनासह आहे. पुढे २००४ च्या संग्रहात तोच जुना आवाज ठेवून, कर्बीनं त्या काळी लिहिलेलं संयोजन नव्यानं वाजवून घेतलं गेलं. दोन्ही पाठोपाठ ऐकावीत. ह्यूसनचं काम वाईट नाही, सफाईदार आहे. पण गायकानं श्वास घेतला रे घेतला की तिथे काहीतरी भरलेलं आहे. ओळ संपते, वाद्यं लगेच पुढे येतात, गोडवा वाढवतात. कर्बी बराच वेळ गप्प बसतो. सूर धरून ठेवतो, गिटारच्या बोटांना जागा देतो, आणि शब्द संपल्यावरही काही क्षण काहीच न करण्याची हिंमत दाखवतो. केंब्रिजमधल्या एका खोलीत केलेली टेपही आता प्रसिद्ध झाली आहे. तिच्यात ड्रेक गाणी वाजवून दाखवताना कर्बीला कुठे काय हवं ते समजावतो. आवाज हळू, वाक्यं अडखळत, पण मागणी अगदी नेमकी.

आणि मग कर्बीनं जे आणलं, त्यानं सगळ्यांना गप्प केलं.

‘वे टू ब्लू’ त्याच्याच कामातलं. वुडनं आधी एकेका वाद्याचा माईक लावून, सुटा आवाज ऐकून, पातळी जुळवून घेतली. बराच वेळ सगळे तुकड्यांत ऐकत होते. मग सगळे माईक एकदम उघडले आणि ते सूर एकमेकांत मिसळून खोलीत आले. बॉइडनं हा प्रसंग नंतर अनेकदा सांगितला आहे. या गाण्यात गिटार अजिबात नाही. ज्याची सगळी ख्याती बोटांवर, त्यानं पहिल्याच अल्बममध्ये एका गाण्यातून आपलं वाद्य पूर्ण काढून ठेवलं. तंतुवाद्यं आणि आवाज, बस्स. प्रश्नामागून प्रश्न विचारणारं ते गाणं आहे, आणि खाली गिटारचा ठेका असता तर ते प्रश्न चालत पुढे गेले असते. इथे ते उभे राहतात. लगेच पुढच्या ‘डे इज डन’मध्ये गिटार परत येते ती घाईत, उतरत्या सुरांची ओळ पुन्हा पुन्हा घेत, जेमतेम अडीच मिनिटांत सगळं संपवायला. ही दोन गाणी याच क्रमानं ऐकायची आहेत. त्यांना सुटं केलं की अर्धा परिणाम जातो.

स्टुडिओविषयी सांगायला हवं, कारण या रेकॉर्डचा आवाज त्या खोलीचा आवाज आहे. साउंड टेक्निक्स म्हणजे चेल्सीतल्या ओल्ड चर्च स्ट्रीटवरची जुनी डेअरी. इमारतीच्या दर्शनी भागावर गायीचं मुंडकं कोरलेलं. जेफ फ्रॉस्ट आणि जॉन वुड यांनी तिथे १९६० च्या दशकात स्टुडिओ थाटला. आत छताची उंची सगळीकडे सारखी नव्हती. उंच भागात आवाज मोकळा होऊन फिरायचा, कमी उंचीच्या भागात आटोपशीर राहायचा. म्हणजे तंतुवाद्यं एका जागी बसवली तर त्यांना हवा मिळते, आणि गाणारा माणूस दुसरीकडे माईकच्या अगदी जवळ घेतला तर त्याचा श्वाससुद्धा कोरडा, स्पष्ट येतो. बॉइडच्या कानात तेव्हा लेनर्ड कोहेन या कॅनेडियन कवी-गायकाचा पहिला अल्बम घुमत होता. त्या काळच्या लोकप्रिय संगीतात आवाजावर प्रतिध्वनीची झूल घालायची रीत होती, ती त्याला इथे नको होती. त्यामुळे ड्रेकचा आवाज कानाशी बोलल्यासारखा येतो आणि वाद्यवृंद मात्र खोलीभर पसरलेला असतो. हे अंतर हाच या रेकॉर्डचा सगळ्यात मोठा गुण आहे असं मला वाटतं.

पण या पद्धतीची किंमत असते. ‘रिव्हर मॅन’ मुद्रित करताना ड्रेक मधोमध गिटार घेऊन बसला आणि तंतुवाद्यं वाजवणारे त्याच्याभोवती अर्धवर्तुळात. सगळं एकाच वेळी. अशा वेळी व्हायोलिनचा आवाज गायकाच्या माईकमध्ये शिरतो आणि गिटारचा चेलोच्या. नंतर गायकाचा एक चुकलेला शब्द काढून दुसरा बसवू म्हटलं तर बसत नाही. त्या शब्दाबरोबर मागच्या व्हायोलिनचाही तुकडा उडतो. कुणीही चुकलं तरी सगळ्यांनी पहिल्यापासून. कुणाचा आवाज किती, हे नंतर कळ फिरवून ठरत नाही, आधी खुर्च्या मागेपुढे सरकवून ठरवावं लागतं. आणि मधला माणूस लयीत जरा ढिला पडला तर पंधरा-वीस धनुष्यं त्याच्यामागे ढिली पडतात. इतक्या जणांच्या मधे बसून, तेही पाच मात्रांचं गाणं, एका दमात निर्दोष वाजवायचं आणि गायचं. वुड ड्रेकच्या अचूकपणाविषयी नेहमी बोलत असे ते याचमुळे. गिटारच्या बाबतीत तो मुलगा चुकतच नसे.

‘रिव्हर मॅन’चं संयोजन कर्बीचं नाही. या गाण्याला आपण पुरे पडणार नाही असं त्यानं स्वतःच सांगितलं. ड्रेकला डीलियस या इंग्लिश संगीतकाराच्या संगीतासारखं काहीतरी हवं होतं: संथ, धुक्यातून येणारं, काठ नसलेलं. वुडनं हॅरी रॉबिन्सनचं नाव काढलं. भयपटांना पार्श्वसंगीत देणारा, हवी ती शैली हुबेहूब उतरवणारा अनुभवी माणूस. त्यानं लिहिलेली तंतुवाद्यं पहिल्या कडव्यात जवळजवळ नसतातच, मग खालून वर चढत येतात. गाणं पाच मात्रांचं आहे. आपल्याकडे झपताल बोटांवर मोजणाऱ्याला ते पटकन सापडतं, कारण झपतालाचा अर्धा फेरा पाचचाच. फक्त तिथे टाळी-खालीचा जो आधार असतो तो इथे शोधू नये. अंगठा तळाची तार धरून चालतो आणि गाण्याची ओळ समेला बांधलेली नाही, ती जरा मागून, सावकाश येते. पाश्चात्त्य कानाला पाचाचा हिशेब लंगडा वाटण्याचा धोका असतो. इथे तो तसा वाटत नाही. कित्येक जण वर्षानुवर्षं हे गाणं ऐकतात आणि ते चारात नाही हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

दुसरी गोष्ट गांधाराची. कडवं सुरू होतं ते कोमल गांधाराच्या छायेत, आणि संपतं त्याच षड्जावर उभं राहून शुद्ध गांधारात. गिटारवाल्यांच्या भाषेत सी मायनर ते सी मेजर. ज्यांनी जोग राग ऐकला आहे त्यांना दोन गांधारांनी मन कसं डळमळतं ते ठाऊक आहे, पण जोगात शुद्ध गांधार चढताना आणि कोमल उतरताना, म्हणजे दोघं एकाच वाक्यात भेटतात. इथे दोघांमध्ये जवळजवळ अख्खं कडवं असतं. तोवर कोमल गांधाराची इतकी सवय झालेली असते की शुद्ध लागतो तेव्हा तो आनंदाचा वाटत नाही, नुसताच उजेड वाढल्यासारखा वाटतो. वाजवून बघायचं असेल तर हे गाणं नेहमीच्या ट्यूनिंगमध्येच आहे. तिसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावायचा आणि ए मायनरच्या आकारापासून सुरुवात करायची. तो आकार कानाला सी मायनर ऐकू येतो. अडचण आकारांची नाही. स्वरसंच (कॉर्ड) बदलताना हात सवयीनं चार किंवा सहा मात्रांवर उडी मारतो, तिथे गाणं कोसळतं. आधी डावा हात बाजूला ठेवून, नुसत्या उजव्या हातानं, पाच मोठ्यानं मोजत, एकाच स्वरसंचावर बराच वेळ चालावं. अंगठ्यानं पहिली मात्रा डोळे मिटून पकडली की मग डाव्या हाताला कामाला लावावं, आणि गाणं सगळ्यात शेवटी.

बाकीच्या बऱ्याच गाण्यांत मात्र नेहमीचं ट्यूनिंग चालत नाही, आणि तिथेच या माणसाचं खरं कसब आहे. ‘चेलो साँग’ घ्या. जाड तारेपासून पातळ तारेकडे: सी, जी, सी, एफ, सी, ई. सी हा षड्ज धरला तर सा-प-सा-म-सा-ग. आपल्या कानाला हे लगेच ओळखीचं वाटतं, कारण सहांपैकी तीन तारा षड्जाच्या आणि एक पंचमाची; बोटं न ठेवता नुसता हात फिरवला तरी तळाशी तंबोरा सुरू झाल्यासारखं होतं. मग डाव्या हाताला थोडंसंच करावं लागतं आणि मोकळ्या तारा घुमत राहतात. त्या घुमण्यावर ड्रेक शब्द सुरू होण्याआधी नुसता गुणगुणतो, क्लेअर लोथरचा चेलो खाली सरकत येतो आणि रॉकी झिझोर्नूचे काँगा, म्हणजे हातानं वाजवायचे उभे ढोल, हलकेच चालत राहतात.

तारा लावायच्या तर अशा. सहावी तार ई वरून सी पर्यंत उतरवायची, म्हणजे चार पडद्यांइतकी सैल. पाचवी, चौथी आणि तिसरी प्रत्येकी दोन पडदे सैल. पहिली तशीच. दुसरी मात्र बी वरून सी, म्हणजे एक पडदा वर चढवायची. ती सगळ्यात शेवटी चढवावी आणि तार जुनी, गंजलेली असेल तर तोंड लांब ठेवून. तपासायला सोपं: सहावी तार सातव्या पडद्यावर दाबली की मोकळ्या पाचवीशी जुळली पाहिजे, पाचवी पाचव्यावर चौथीशी, चौथी पाचव्यावर तिसरीशी, तिसरी सातव्यावर दुसरीशी, दुसरी चौथ्यावर पहिलीशी. नवशिक्याचा घोटाळा नेहमी एकाच ठिकाणी होतो. तो एकेक तार नीट लावत जातो आणि शेवटी सगळं बेसूर निघतं. कारण तारा सैल केल्या की गिटारच्या मानेवरचा ताण कमी होतो, मान किंचित मागे जाते, आणि आधी लावलेल्या तारा आपोआप चढतात. म्हणून एक फेरी पुरत नाही, दोन-तीन लागतात. प्रत्येक वेळी स्वराच्या थोडं खाली जाऊन वर यावं, वरून खाली उतरत थांबू नये. नाहीतर खुंटीच्या दात्यांतला सैलपणा पुढच्या दोन मिनिटांत दगा देतो. सहावी तार इतकी सैल होते की नेहमीच्या संचातली ०.०५३ इंचाची असेल तर पडद्यांवर फरफरते. ०.०५६ किंवा त्याहून जाड घ्यावी. आणि सैल तार जोरात दाबली की सूर चढतो, त्यामुळे डावा हात हलका हवा. कॅपो घट्ट आवळला तरी हेच होतं.

हे एका गाण्याचं. पुढचं गाणं वेगळ्या ट्यूनिंगमध्ये. त्याच्या पुढचं आणखी वेगळ्या.

आता हे सगळं रंगमंचावर, लोकांसमोर करून बघा. १९६९ मध्ये खिशात घालायचे ट्यूनर नव्हते, कानानंच लावायचं. सहाच्या सहा तारा हलवायच्या म्हणजे, कितीही सराव असला तरी, मिनिट-दोन मिनिटं जाणार. दुसरा कुणी असता तर त्या वेळात चार शब्द बोलला असता, गाण्यामागची गोष्ट सांगितली असती. ब्रिटनमधल्या लोकसंगीताच्या क्लबांत ती कलाच होती. तिथले गायक निम्मा कार्यक्रम बोलण्यावर तोलायचे. ड्रेक मान खाली घालून गप्प तारा पिळत बसायचा. २४ सप्टेंबर १९६९ ला लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये तो फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या लोकसंगीत-रॉक बँडच्या आधी गायला, तेव्हा त्या मोठ्या सभागृहातले श्रोते शांत बसून ऐकत होते आणि सगळं नीट झालं. पण त्यानंतर पब आणि कॉलेजं. ग्लासांचा आवाज, बारपाशी गप्पा. तारा लावेपर्यंत लोकांचं लक्ष उडालेलं, आणि लक्ष परत खेचेल इतका मोठा त्याचा आवाज नव्हता. माईकपासून चार इंचांवर जे अलौकिक वाटतं ते धुरकट खोलीच्या मागच्या बाकापर्यंत पोचतच नाही. कार्यक्रम अर्ध्यावर सोडून निघून जाणं, मग दौरे बंद, असं ते घसरत गेलं.

रेकॉर्ड खपण्याचा तेव्हाचा मुख्य मार्ग दौरा हाच होता. म्हणजे ज्या ट्यूनिंगनी ही गाणी घडवली त्यांनीच ती लोकांपर्यंत जाण्याची वाट अडवली. मला या अल्बमच्या दुर्लक्षाचं हे सगळ्यात खरं कारण वाटतं, आणि त्यात कुणाचा गुन्हा नाही. सोपा उपाय होता: दोन-तीन गिटारी आधीच लावून ठेवायच्या, किंवा एकाच ट्यूनिंगमधली गाणी एकापाठोपाठ घ्यायची, किंवा सोबत बोलणारा एक वादक न्यायचा. ज्या मुलासाठी स्टुडिओत अख्खा वाद्यवृंद बदलला गेला, त्याच्यासोबत क्लबांत गिटार उचलायला एक माणूस गेला असता तर काय झालं असतं, हा विचार मन कुरतडतो.

बाकीची कारणं लहान आहेत, पण ती साठत जातात. ध्वनिमुद्रण १९६८ च्या मध्यापासून जवळजवळ वर्षभर तुकड्यातुकड्यांनी, इतरांच्या कामांतून सवड मिळेल तसं चाललं. रेडिओवाल्यांच्या हातात द्यायला सिंगल, म्हणजे एखाद्या गाण्याची सुटी छोटी रेकॉर्ड, काढली नाही. ऑगस्ट १९६९ मध्ये बीबीसीवर जॉन पीलच्या कार्यक्रमासाठी त्यानं एकट्यानं काही गाणी मुद्रित केली खरी. न्यू म्युझिकल एक्स्प्रेस या संगीत-साप्ताहिकाच्या परीक्षणात वैविध्य कमी असल्याची तक्रार होती. ज्या अल्बमवर एक गाणं नुसत्या तंतुवाद्यांचं, एक पाच मात्रांचं, एक काँगावर चालणारं सव्वासहा मिनिटांचं आणि एक पियानोवरचं आहे, त्याच्याविषयी हे लिहिलं गेलं. त्यात वेष्टनावरच्या चुका. ‘वे टू ब्लू’ आणि ‘डे इज डन’चा क्रम छापताना उलटा झाला. ‘थ्री अवर्स’चं नाव आतल्या बाजूला भलतंच पडलं. नव्या गायकाचं एखादं गाणं आवडलं तर माणूस वेष्टन उलटून नाव बघतो. तिथेच चुकीचं नाव मिळालं तर तो दुकानात मागणार काय? रेकॉर्ड कंपनीत कुणी एकदा सुई ठेवून यादी ताडून बघितली असती तर हे टळलं असतं. वेष्टन तसं सुंदर आहे. कीथ मॉरिसनं पडक्या घराच्या खिडकीतून बाहेर बघणारा ड्रेक टिपला, भोवती हिरवी चौकट. नाव सिगारेटच्या कागदाच्या पुडीतून घेतलं: पुडी संपत आली की आत एक सूचना निघायची, आता पाचच पानं उरली.

त्याच्या हयातीत त्याच्या तिन्ही अल्बमांपैकी एकाचाही खप पाच हजारांच्या पुढे गेला नाही. तरी ते जगले, आणि त्याचं श्रेय एका व्यवहारातल्या कलमाला आहे. बॉइडनं आपली कंपनी विकून अमेरिकेला परत जाताना अट घातली की निक ड्रेकच्या रेकॉर्ड यादीतून कधीही काढायच्या नाहीत. आयलंड कंपनीनं ती पाळली. न खपणारी रेकॉर्ड दोन-तीन वर्षांत यादीतून जाते आणि मग ती मिळतच नाही. ही मात्र दुकानात मागितली तर मागवता येत राहिली. १९७० च्या दशकात एकानं दुसऱ्याला ऐकवायची, दुसऱ्यानं जाऊन विकत घ्यायची, एवढ्यावर हे नाव टिकलं. पुढे १९७९ चा संच, आणि नव्वदचं दशक सरता सरता मोटारगाडीच्या एका जाहिरातीत त्याचं तिसऱ्या अल्बमवरचं गाणं, हे सगळं नंतरचं.

त्याचा जन्म १९४८ मध्ये रंगूनला झाला. वडील रॉडनी ड्रेक बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये इंजिनिअर. या कंपनीचं नाव वाचून मी दर वेळी थबकते. मुंबईत १८६३ मध्ये स्थापन झालेली, सागवानाच्या धंद्यातली हीच ती कंपनी, जिच्या दंडाच्या वादाचं निमित्त करून इंग्रजांनी १८८५ मध्ये ब्रह्मदेशाच्या थिबा राजावर स्वारी केली. राजा रत्नागिरीला येऊन पडला आणि तिथेच १९१६ मध्ये वारला. थिबा राजवाड्याच्या गच्चीवरून समुद्र पाहिलेल्यांना हा धागा लांबचा वाटणार नाही. निकची आई मॉली हीसुद्धा रंगूनचीच. जपानी फौजा आल्यावर ती आणि तिची बहीण दिल्लीला आल्या आणि ऑल इंडिया रेडिओवर दोघी बहिणी मिळून गायच्या. निकची थोरली बहीण गॅब्रिएल लाहोरची. पुढे कुटुंब इंग्लंडमधल्या टॅनवर्थ-इन-आर्डन या खेड्यात स्थिरावलं, तिथे मॉली घरच्या पियानोवर स्वतः रचलेली गाणी गायची आणि रॉडनी ती टेपवर उतरवून ठेवायचे. ती गाणी आता उपलब्ध आहेत. ती ऐकल्यावर मुलाच्या गाण्यांतले अनपेक्षित स्वरसंच आणि ओळीच्या शेवटी खाली न येणारा सूर कुठून आला, हे वेगळं सांगावं लागत नाही. समीक्षक त्याच्या संगीताची मुळं ब्लूज आणि लोकसंगीतात शोधतात. त्यातलं सगळ्यात जाड मूळ घरातल्या पियानोखाली होतं, असं माझं मत आहे.

‘फ्रूट ट्री’विषयी लिहिताना हात जरा आखडतो. कीर्ती जिवंतपणी येत नाही, झाड जमिनीत गेल्यावरच फळतं, असं सांगणारं ते गाणं आहे, आणि विशीतल्या मुलानं स्वतःचं भविष्य लिहून ठेवलं असं त्याच्याविषयी हमखास म्हटलं जातं. मला ते मान्य नाही. इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या, लवकर गेलेल्या कवींच्या ओळी वाचणाऱ्या मुलाच्या मनात हा विषय येणं अगदी स्वाभाविक आहे. भविष्यवाणी म्हटलं की आपण त्याचं पुढचं सगळं आयुष्य त्या गाण्यात कोंबतो आणि कर्बीनं तिथे वाद्यं किती संयमानं आणली आहेत ते ऐकतच नाही. हा अल्बम झाला तेव्हा तो मुलगा आजारी नव्हता. रेकॉर्ड हातात आल्यावर तो बहिणीच्या खोलीत गेला, ती तिच्या पलंगावर टाकली, घे, एवढंच म्हणाला आणि निघून गेला. अल्बम तयार होत आलाय हे तिला तोवर कळलंही नव्हतं. याच सुमारास त्यानं पदवी पुरी व्हायला काही महिने असताना केंब्रिज सोडलं. या उतावळेपणात मला आत्मविश्वास दिसतो.

सगळीच गाणी एका तोलाची नाहीत. ‘मॅन इन अ शेड’ मला कमी पडतं. पॉल हॅरिसचा पियानो त्यात जरा जास्तच खुशीत आहे आणि गळक्या छपराचं रूपक लवकर उलगडतं. ‘द थॉट्स ऑफ मेरी जेन’मधली बासरी गोडव्याच्या कडेवर चालते. पहिलंच ‘टाइम हॅज टोल्ड मी’ मात्र जितकं साधं वाटतं तितकं नाही. रिचर्ड थॉम्पसनची इलेक्ट्रिक गिटार ओळींच्या मधल्या फटींत अशी शिरते की ती वेगळी काढून ऐकायला दोन-तीनदा प्रयत्न करावा लागतो. आणि बऱ्याच गाण्यांखाली डॅनी थॉम्पसनचा डबल बास आहे. फोनच्या स्पीकरवर तो अजिबात ऐकू येत नाही. तो नसला की ‘थ्री अवर्स’ हे नुसतं लांबलेलं गिटारवादन वाटतं. बास ऐकू आला की लक्षात येतं, तिथे दोन माणसं एकमेकांना ढकलत, रोखत वाजवतायत. म्हणून हेडफोन हवेत, किंवा खालचे सूर देणारे स्पीकर. आणि ॲपमधला गाणी उलटसुलट करणारा पर्याय बंद.

शेवटचं ‘सॅटर्डे सन’ बरेच जण अर्धवट ऐकतात, कारण तोवर कान गिटारची वाट बघत असतात आणि इथे ड्रेक स्वतः पियानोवर आहे. सोबत फक्त डॅनी थॉम्पसनचा बास आणि ट्रिस्टन फ्रायचे ड्रम व व्हायब्राफोन. संयोजक नाही, लिहिलेल्या ओळी नाहीत. जॅझकडे झुकलेली, आळसावलेली चाल. बाकीच्या अल्बमवर प्रत्येक सूर ठरवून ठेवलेला, आणि इथे तिघं जण फटी सोडत, एकमेकांचं ऐकत वाजवतायत. शनिवारचं ऊन एक दिवस येतं आणि रविवारी पाऊस पडतो, एवढाच मजकूर. दुसऱ्या अल्बममध्ये तो या वाटेनं आणखी पुढे जाईल, ड्रम आणि ब्रास घेऊन, आणि तिसऱ्यात सगळं टाकून देऊन एकटा बसेल. पण या दोन्ही वाटा ‘सॅटर्डे सन’च्या चार मिनिटांत आधीच सुरू झालेल्या आहेत.